अंगठ्याखालची ओळ

समीक्षक अंधारात लिहायचा. सिनेमांवर लिहायला लागून तीस वर्षं झाली, पण पडद्यावरची नजर हलवणं त्याला जिवावर यायचं. वही मांडीवर, डावा अंगठा ओळीच्या सुरुवातीला. ओळ संपली की अंगठा थोडा खाली. सिनेमा रंगला की स्वारी हे हमखास विसरायची आणि ओळीवर ओळ चढून कागदाचा पार चिखल व्हायचा. म्हणून डावीकडच्या खुर्चीत बायको बसायची. ओळ संपली हे तिला कसं कळायचं कोण जाणे, पण ती हळूच त्याचा अंगठा धरून खाली सरकवायची. घरी गेल्यावर टिपणं टाइपही तीच करायची.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. अंतराळात अडकलेल्या मेकॅनिकच्या सिनेमाचा पहिला भाग दोघांनी मिळून पाहिला होता. बाहेर पडताना डोळे पुसत ती म्हणाली होती, "गोष्ट अर्धीच ठेवली मेल्यांनी. तो घरी पोचतो की नाही ते बघायला मला घेऊन जायचं हं."

दुसरा भाग आज आला. सकाळी दहाचा, फक्त पत्रकारांसाठीचा खेळ. समीक्षकानं डावीकडच्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली. पहिल्या वीस मिनिटांत चार ग्रह फुटले. अंतराळयानं एकमेकांवर आदळली, कानठळ्या बसल्या, डोळे दिपले. गोष्ट मात्र औषधालाही नव्हती. मेकॅनिकला आता लेझरची तलवार मिळाली होती आणि आपल्याला घर आहे हे तो साफ विसरला होता. समीक्षक चिडून लिहीत सुटला.

मध्यंतरानंतर बॅग त्याच्या पायाशी होती. आपणच ठेवली असेल, असं त्याला वाटलं. पुढे कधीतरी ओळ संपल्यावर अंगठा खाली सरकला. पुढच्या ओळीला पुन्हा सरकला. तीस वर्षांनी का होईना, अंगठ्याला अक्कल आली म्हणायची. त्याला एकदम भरून आलं, आणि पडद्यावरचं काही वेळ नीट दिसेना. हात मात्र लिहीत राहिला.

दुपारी लेक आली. हल्ली टाइप करायचं काम तिच्याकडे होतं.

"देवा रे, काय हा काला!" पहिली पानं उलटत ती म्हणाली. मग थांबली. "अरे वा. इथून मात्र छान सुटसुटीत आहे. आई असायची तेव्हासारखं."

"सवय झाली आता."

ती वाचत टाइप करू लागली. "'घरातला प्रसंग. सकाळ. नवरा बाहेरच्या खोलीत, कानांवर हेडफोन, लॅपटॉपवर सिनेमा.' हे मेकॅनिकचं घर का, बाबा?"

समीक्षकाला असा प्रसंग आठवत नव्हता. अक्षर त्याचंच होतं.

"'आतून बायकोची हाक. एकदा. दोनदा.'"

तिची बोटं थांबली.

आई गेली त्या दिवशी लेकीनं एकच प्रश्न विचारला होता. "बाबा, आईनं हाक मारली होती का?" तो म्हणाला होता, "नाही गं. मारली असती तर ऐकली नसती का?" त्यावरच तिनं आठ महिने मनाची समजूत घातली होती. आई झोपेत गेली, तिला काही कळलं नाही, असं ती सगळ्यांना सांगायची.

"पुढे वाचू नको," तो म्हणाला. "तो भाग गाळ."

पण तिनं वाचलंच.

"'तिसरी हाक. तो हेडफोन काढतो. ऐकतो. एवढा प्रसंग संपू दे, असं म्हणतो. हेडफोन पुन्हा घालतो.'"

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगायचं टाळलं होतं. त्या सकाळीही पडद्यावर काहीतरी फुटतच होतं. काय, ते आता आठवतही नव्हतं.

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "सिनेमात आहे ना हा प्रसंग?"

तिच्या डोळ्यांकडे बघवेना. त्यानं वही आपल्याकडे ओढून घेतली.

"आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"अगं, आहे म्हणतो ना."

तिनं मान हलवली. रुमालानं नाक पुसलं. "मग बघायलाच हवा. उद्या जाऊ आपण दोघं. मी बसेन आईच्या जागेवर."

ती पाणी आणायला आत गेली. समीक्षक वहीकडे बघत बसला. शेवटच्या ओळीखाली पान कोरं होतं. डावा अंगठा त्या ओळीच्या सुरुवातीला होता. तिथे तो कधी ठेवला, हे त्याला आठवत नव्हतं.

आतून नळाचा आवाज येत होता.

कुणीतरी त्याचा अंगठा धरला आणि हळूच, एक ओळ खाली सरकवला.