अजून थोडं राहिलंय

ती गाडी आणायला निघालो तेव्हा खरं सांगायचं तर मला कुठलीच गाडी नको होती. उभं आयुष्य जुन्या गाड्यांत गेलं. कुठल्या तरी गोदामात, गोठ्यात सडत पडलेली गाडी हुडकायची, ओढून आणायची, खोलायची, गंज घासायचा, रंगवायची आणि कुणा शौकिनाला विकायची. हौस म्हणून सुरू केलं, मग तीच हौस मानगुटीवर बसली. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, बोटांच्या पेरांत ग्रीस कायमचं मुरलं होतं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मी शब्द दिला होता की ही शेवटची.

"शेवटची हे तुम्ही मागच्या वेळीही म्हणाला होतात," ही म्हणाली. जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात उभी राहिलेली बाई. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली होती, आता मला कुणी हाक मारू नये एवढंच हवंय.

गाडीचे मालक एका गल्लीच्या टोकाला एकटेच राहायचे. दार उघडलं तेव्हा वाटलं, आजारी आहेत. पण आजारी नव्हते. वर्षानुवर्षं पुरती झोप न मिळालेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, तसा चेहरा होता. त्यांनी मागच्या अंगणातलं पत्र्याचं दार सरकवलं.

गाडी मोठी देखणी होती. काळी, लांब, पाठीला गोल बाक, पुढे दोन मोठे दिवे. अंगावर बोटभर धूळ. फक्त मागच्या डाव्या दाराची मूठ लखलखत होती, रोज कुणी हात लावावा तशी. आत वाकून पाहिलं. सीटचं कातडं सगळीकडे भेगाळलेलं, पण मागे डावीकडे तेवढंच मऊ, तुकतुकीत.

"त्या बाजूला जरा बसलीय," मी म्हटलं. खरंच गाडी मागच्या डाव्या चाकावर कलली होती. "स्प्रिंगचे पाटे थकले असतील."

"सगळेच थकलेत," मालक म्हणाले.

मी आणि ट्रकवाल्याने मिळून गाडी ट्रकवर चढवली. दोर आवळून झाला तरी मालक घुटमळत उभेच होते. मग जवळ आले आणि हळूच म्हणाले, "एक सांगू का... चालवताना मागून कुणी विचारलं, तर अजून थोडं राहिलंय म्हणायचं. बस्स. आलं म्हणून सांगायचं नाही."

"कोण विचारणार?"

"विचारेल," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

एकट्या माणसाचं काहीतरी खूळ, असं मी मनात म्हटलं. ट्रकवाल्यालाही सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

माझी शेड वस्तीच्या बाहेर आहे. तिथे माझा साडू माझ्याबरोबर काम करतो. रंगकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, आणि बडबडीतही. गाडी उतरवल्या उतरवल्या त्याने भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मागे सासूबाई बसल्यात वाटतं!"

आम्ही मागचे पाटे काढले, नवे बनवून बसवले. गाडी जमिनीवर सोडली आणि ती सावकाश, अगदी सावकाश, पुन्हा डावीकडे बसली. साडू म्हणाला, लोहाराने डावा पाटा कच्चा दिला. डावा उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. तरी तेच. शेवटी दोन्ही बाजूंना जॅक लावले. उजवा सहज वर गेला. डाव्याला आम्हा दोघांना मिळून जोर लावावा लागला. त्यानंतर साडूने सासूबाईंचं नाव काढलं नाही.

आणि एक वास होता. कापूर नाही, अत्तर नाही. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा. ठेवणीतले कपडे घालून कुणी खूप वेळ वाट बघत बसावं, तसा. दुपारी ऊन पत्र्यावर चढलं की तो वास गाडीतून बाहेर यायचा आणि कामाच्या मेजापर्यंत येऊन थांबायचा.

अशाच एका दुपारी साडू रंग आणायला गेला होता. मी पुढच्या सीटखाली आडवा होऊन वायरी जोडत होतो. तोंडात स्क्रू होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

"आलं का?"

बाईचा आवाज. म्हातारा, घोगरा, अगदी दमलेला. मला वाटलं, शेडच्या दाराशी कुणी आलंय. स्क्रू हातात घेऊन मी म्हटलं, "काय आलं?"

माझ्या पाठीमागे सीटची स्प्रिंग करकरली. कुणीतरी मागे टेकून बसलेलं पुढे सरकलं, ऐकायला. तो वास एकदम माझ्या मानेपाशी आला.

"आलं का... घर?"

कुठून सुचलं कोण जाणे, पण मी म्हटलं, "अजून थोडं राहिलंय."

मागून एक लांब सुस्कारा आला. स्प्रिंग पुन्हा करकरली आणि ते जे कोण होतं ते परत मागे टेकलं.

मी उठून मागे पाहिलं नाही. गाडीतून रांगत बाहेर पडलो आणि शेडबाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

साडू आल्यावर सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "इंजिन तर चालू झालंय. मी एक फेरी मारून येतो. बघू तरी."

तो गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा गाडी फाटकातच सोडून चालत आत आला. नळाखाली डोकं धरलं. पाणी कानातून गळत असताना म्हणाला, "मी या गाडीत परत बसणार नाही."

"विचारलं?"

"दर वळणाला. मी आपला अजून थोडं, अजून थोडं म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली... म्हणाली, रोज थोडंच राहतं रे." त्याने बाहीने तोंड पुसलं. "रागावली असती तर मी उलटून बोललो असतो. पण ती नुसती दमलीय हो दादा. माझ्या ओठांवर आलं होतं, आलं म्हणून. आलंच होतं."

मी मालकांना फोन लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "गाडी गेली त्या दिवशी झोपले, ते उठायलाच तयार नाहीत. आम्ही घाबरून दार वाजवलं, तर म्हणाले, झोपू द्या. मग एक दिवस टेंपो आला आणि सामान घेऊन निघून गेले. कुठे ते नाही सांगितलं. पण चेहरा कसा टवटवीत झाला होता!"

गाडी विकून मोकळं व्हायचं, एवढंच आता डोक्यात होतं. रंग चढला, पितळी पट्ट्या चमकल्या, आणि एक गिऱ्हाईक मिळालं. त्याची एकच अट. शेड लांब पडते, गाडी तुमच्या घरी आणून ठेवा, सकाळी नेतो. साडू येणार नाही हे मी गृहीतच धरलं होतं. हिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला आता निवांत झोप लागायला लागली होती.

दिवेलागणीला निघालो. काचा सगळ्या खाली केल्या, तरी वास जाईना. शेडचं फाटक मागे पडलं आणि मागून आवाज आला, "आलं का?"

"अजून थोडं राहिलंय."

मोठ्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. इंजिन तापायला लागलं, क्लचवरचा पाय भरून आला, पाठीत कळ उठली. शेजारच्या गाड्यांतले लोक कौतुकाने बघत होते. एकाने काच खाली करून अंगठा दाखवला. आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या मागून कुणीतरी विचारत होतं, आलं का, आलं का. आरसा मी छताकडे वळवून ठेवला होता. प्रत्येक वेळी मी तेच उत्तर देत होतो. हळूहळू भीतीच वाटेनाशी झाली. आजारी माणसाच्या उशाशी बसून शेवटी भीती उरत नाही, कंटाळा उरतो, तसं. मला फक्त घरी जायचं होतं. जोडे काढायचे होते, पाठ टेकायची होती.

आमची गल्ली आली. आमचं फाटक आलं. ही माझ्यासाठी पुढचं दार उघडं ठेवते, तसं ते होतं, आत दिवा होता. गाडी अंगणात घेऊन मी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, इंजिन शांत झालं. डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

"आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "आलं बाई एकदाचं."

म्हटलं आणि मग कळलं.

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग मागचं डावं दार हळूच उघडलं, एकदम सांभाळून, जसं म्हातारं माणूस उघडतं. गाडी डावीकडून वर उचलली गेली. अंगणातल्या वाळूवर पावलं वाजली, ओढत ओढत, घराच्या दिशेने. मी डोकं वर केलं नाही. पावलं पायरीपाशी थांबली, चढली आणि आत गेली.

हिचं नाव घेऊन ओरडावं असं वाटत होतं. ओरडता येईना. कसाबसा उतरलो आणि भिंत धरून घरात आलो.

ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. हातात रिकामा पेला.

"अगं..."

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच आडव्या झाल्यात."

"कोण?"

"अहो, कोण काय? तुम्हीच घेऊन आलात ना? किती दमल्या होत्या बिचाऱ्या. पाणी मागितलं, घटाघटा प्यायल्या. मी म्हटलं, बोलू नंतर, आधी पडा जरा. आतल्या खोलीत निजवलं."

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. अंधारातून तो वास येत होता. कुणीतरी खोल, सुखाचा श्वास घेत होतं.

"दिसायला... कशा होत्या?"

हिने कपाळाला आठ्या घातल्या. वॉर्डातल्या पेशंटांचे चेहरे हिला आजही पाठ आहेत. पण ती आठवत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला गोंधळ आला.

"मी बघितलंच नाही हो," ती म्हणाली. "असं कसं झालं... हात धरून नेलं मी त्यांना."

"चल, आपण बाहेर जाऊ. आत्ता. चपला राहू दे."

"आता कुठे जायचं?" ती म्हणाली. "दार लावू नका म्हणाल्या त्या. बाकीचे मागून येतायत."

बाहेर अंगणात गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या दाराचा. मग पुन्हा पहिल्याचा. वाळूवर पावलं वाजायला लागली. हळू, ओढत, एकामागून एक.

वॉर्डातली पाळी संपता संपता नवा पेशंट आल्यावर ती जशी उठायची, तशी ही गुडघ्यावर हात टेकून उठली. फळीवरून पेले काढून ओट्यावर मांडायला लागली. मी तिचा दंड धरला, तिला कळलंही नाही. पेल्यांची रांग ओट्याच्या कडेला पोचली, तरी तिचा हात फळीकडे जात होता आणि दर वेळी पेला घेऊनच परत येत होता. आमच्या दोघांच्या घरात एवढे पेले कधीच नव्हते.