पोच

पाणीखात्याच्या त्या ऑफिसात दिवसाची सुरुवात चहाने नाही, मोडेमच्या किंचाळण्याने व्हायची. नदीकाठच्या चौक्या एकेक करून फोन लावत. इकडचा मोडेम आपोआप फोन उचले, दोन्ही यंत्रं एकमेकांवर शिट्ट्या मारत, खरखरत, दोघांना झेपेल असा वेग ठरवत आणि मग मुकाट कामाला लागत. पडद्यावर पाण्याची पातळी उमटली की ऑपरेटर बाई आपला क्रमांक टाकून, कळ दाबून पोच देई. पोच मिळेपर्यंत चौकीचं यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राही, असा नियमच होता.

सगळ्यात वरच्या चौकीवर तिचा धाकटा भाऊ होता. तिकडची लाइन इतकी रद्दी, की त्याच्या शिट्टीला मधोमध चीर पडे. पाठमोरी बसली असली तरी तिला ती बरोबर ओळखू येई. तो सर्वांत कमी वेग लावायचा. हळू बोलावं ताई, पण पोचेल असं बोलावं, म्हणायचा.

पुरात चौकी गेली, तारा गेल्या, खालची वस्ती गेली, भाऊ गेला. ती तेव्हा रजेवर होती आणि मोडेमपाशी खुद्द साहेब बसले होते. त्या शिट्टीचा त्यांना भारी जाच. निवांत फोनवर गप्पा हाणायच्या असल्या की ते मोडेमचं आपोआप उचलणं सरळ बंद करून टाकत. ती परत आली तेव्हा उचलण्याचा दिवा विझलेलाच होता. आणि हा माणूस सांगत सुटला, की चौकीवाला झोपला, फोन आलाच नाही. चोराच्या उलट्या बोंबा! आता शेजारणी आईला तोंडावर विचारत होत्या, तुमचा मुलगा प्यायचा का हो. ते ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. चौकशीतही हेच ठरलं, तर आई उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढणार होती.

चौकशीच्या दिवशी दुपारी साहेबांनी तिला समजावलं, की फोन आला नव्हता एवढंच म्हणा, गेलेल्याला आता काय फरक पडतो. ती तोंड उघडणार तोच कोपऱ्यातल्या मोडेमने फोन उचलला.

शिट्टी झाली. तिला मधोमध चीर होती.

ती पडद्याकडे वळली. पडद्यावर एकेक अक्षर सावकाश उमटू लागलं.

पाणी लाल खुणेवर. खाली कळवा. पोच द्या.

साहेबांनी फोनची तार उपटली. निरोप पुन्हा आला. त्यांनी मोडेमचा प्लग ओढून काढला. दिवे तसेच लुकलुकत राहिले आणि निरोप पुन्हा आला.

"बंद करा हे," साहेब म्हणाले.

"त्याला पोच हवीय," ती म्हणाली. "त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं?"

साहेब खुर्चीला धरून पुढे झाले. पोच देताना ड्यूटीवरच्या माणसाचा क्रमांक टाकावा लागे. त्यांनी तिचा टाकला. मेलेल्यालाही फसवायला निघाला होता हलकट.

पडदा क्षणभर कोरा राहिला.

हा ताईचा क्रमांक. ताई रजेवर आहे.

साहेबांनी मग स्वतःचा क्रमांक टाकला आणि कळ दाबली.

मोडेम गप्प झाला. दिवे विझले.

थोड्याच वेळात चौकशीचे अधिकारी आले. खुर्च्या ओढून बसले आणि त्या दिवशी काय घडलं ते सांगा म्हणाले. साहेबांनी तोंड उघडलं.

"पाणी लाल खुणेवर. खाली कळवा. पोच द्या."

आवाज संथ होता, सपाट होता आणि मधोमध चिरलेला होता.

असा निरोप तुम्हाला आला होता का, अधिकाऱ्यांनी विचारलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. डोळे पांढरे झाले होते. तोंड मात्र पुन्हा तेच म्हणालं, मग पुन्हा तेच. अधिकारी तिच्याकडे पाहू लागले, आणि साहेबही.

पोच देणं तिचं काम होतं. ती न देताच तिने पर्स उचलली आणि फोन आला होता हे आईला सांगायला निघाली. जिना उतरेपर्यंत मागून निरोप येतच होता.