ठोंब्याची पस्तीस मिनिटं

हिरवा दिवा लागला! म्हणजे सगळी नक्कल झाली, हो ना? मग प्रणोतीने वायरीला नुसता हात लावला, तर आज्जांनी तिचं मनगट एवढं घट्ट का धरलं?

त्याचं असं झालं. साल होतं २०५८. इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये प्रणोतीचे आज्जा, बाबगोंडा चौगुले, भंगारातले कॉम्प्युटर उघडून त्यांतले चांगले भाग वेगळे काढायचे. ठोंब्या हा त्यांचा यंत्रमानव. त्यानेच प्रणोतीला पाढे शिकवले होते, आणि ती चुकली की खोखो हसायचाही तोच.

आज दुपारी त्याच्या छातीतली बॅटरी फुगली. ती आत कायमची सीलबंद केलेली, काढता न येणारी, आणि तिला अगदी चिकटून त्याची स्मृती. बॅटरी पेटली की आठ वर्षांचा ठोंब्या जळून खाक होणार होता. छातीवरचा आकडा सांगत होता, अठ्ठावन्न अंश. मग एकसष्ट. आज्जांनी हिशेब केला की फार तर दहा मिनिटं, त्यानंतर त्याला अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यात ढकलावंच लागेल. त्याची स्मृती साठ जीबी, आणि साध्या ड्राइव्हला ती उतरवून घ्यायला चाळीस मिनिटं लागतात. त्यात शुक्रवार. शुक्रवारी दुरुस्तीसाठी शेडची वीज बंद असते, आणि विजेबरोबर इंटरनेटही.

प्रणोती मुसमुसायला लागली. ठोंब्या मात्र म्हणाला, "रडू नकोस गं, नाक फार लाल होतं तुझं."

तेवढ्यात आज्जांनी डब्याएवढा एक ड्राइव्ह आणून ठोंब्याला जोडला. चार मिनिटांत हिरवा दिवा! आणि तिने वायर उपटायला हात घातला, तोच त्यांनी मनगट धरलं.

"तो दिवा 'मिळालं' म्हणतोय," आज्जा म्हणाले. "'लिहिलं' म्हणत नाहीये."

मग त्यांनी घाईघाईत समजावलं. डब्यात दोन प्रकारच्या चिप्स होत्या. एक फ्लॅश (वीज गेली तरी न विसरणारी, पण सावकाश लिहिणारी स्मृती). दुसरी रॅम (अतिशय झटपट, पण वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी स्मृती), जी त्यांनी जुन्या कॉम्प्युटरांतून काढून, तपासून इथे बसवली होती. लोक कॉम्प्युटर जुना झाला म्हणून टाकून देतात, रॅम मात्र आत धडधाकट असते. समज, एक मुलगी सांगितलेलं सगळं भराभर ऐकून घेते आणि शेजारी बसलेल्या सुवाच्य अक्षराच्या कारकुनाला सावकाश सांगते. सांगणारा चार मिनिटांत मोकळा होतो. कारकून लिहीतच राहतो.

"आणि मधेच ती मुलगी झोपली तर?" प्रणोतीने विचारलं.

"तर न लिहिलेलं सगळं गेलं. अजून पस्तीस मिनिटं तिला जागं ठेवायचंय."

प्रणोतीने डब्याकडे पाहिलं. त्यातून एकच वायर निघत होती, आणि ती ठोंब्यात जात होती.

"आज्जा, ह्या डब्याला वीज कुठून येते?"

आज्जांनी वायरीवरून बोट फिरवत नेलं, थेट ठोंब्याच्या छातीपर्यंत. चाळीस वर्षं भंगार उपसलेला माणूस! पण ड्राइव्ह ज्याला जोडायचा तो कॉम्प्युटर चालूच असतो, असं धरून चालायची त्यांची जुनी सवय. ज्याची नक्कल करायची तोच विझणार, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आकडा चौऱ्याहत्तर. गरम प्लास्टिकचा वास सुटला.

प्रणोती धावली. तिने सायकलचा दिवा काढून आणला; त्यातल्या बॅटरीवर फोनसुद्धा चार्ज व्हायचा! डब्याच्या कडेला तपासणीच्या वेळी वीज द्यायला ठेवलेली दुसरी खाच होती. पण पिन नीट बसायच्या आत पहिली वायर सुटली, तर क्षणभराच्या अंधारात सगळं पुसलं जाणार. तिने पिन आज्जांपुढे धरली. त्यांच्या जाड बोटांना ती नीट धरताच येईना.

मग तिनेच घातली. टक्. एकदा हलवून पाहिली, आणि श्वास रोखून ठोंब्याची वायर काढली. हिरवा दिवा तसाच.

दोघांनी ठोंब्याला अंगणात ढकलत नेलं. वाळूत उतरताना तो हसला नाही. हळूच म्हणाला, "प्रणोती, मला भीती वाटतेय."

"मलापण," ती म्हणाली. आज्जांनी तिला मागे ओढलं. आधी धूर, मग फस्सकन ज्वाळा.

पस्तीस मिनिटं पुरी होईपर्यंत ती डब्यासमोर मांडी घालून बसली. सायकलच्या दिव्यावर चार्ज दाखवणारे चार ठिपके होते, मग दोन. मग एकच, आणि तोही लुकलुकायला लागला. तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही. अखेर डब्याचा दिवा निळा झाला. "लिहिलं," आज्जा म्हणाले.

संध्याकाळी वीज आली. दुसऱ्या एका जुन्या यंत्रमानवाला डबा जोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ओळखीचा आवाज आला, "किती अंश झाले गं?"

नक्कल झाल्यानंतरचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वाळू नाही, ज्वाळा नाही. ते फक्त प्रणोतीच्या लक्षात होतं. तिने सगळं सांगितलं.

"मी शेवटी काय म्हणालो?"

"भीती वाटतेय, म्हणालास."

"आणि तू?"

"मीपण तेच म्हणाले."

शेजारी आज्जा डब्याला छोटी बॅटरी जोडत होते, वीज गेली तरी रॅम जागी राहावी म्हणून. कोपऱ्यात जुन्या चिप्सची पाच पोती पडून होती. असे आणखी डबे बनवायला प्रणोतीने पहिलं पोतं ओढलं, आणि नवे हात वापरायला शिकत ठोंब्याने दुसरं टोक धरलं.