शिनाख्तीच्या रांगेत

ही खरी गोष्ट आहे. कोणाला पटवून द्यायला मी बसलेलो नाही. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितोय.

भुतं रात्री दिसतात, सुनसान जागी दिसतात, असं लोक लिहितात.

मला जे दिसलं ते भर दुपारी दिसलं. जबलपूरच्या जेलमध्ये, सरकारी अधिकाऱ्यासमोर.

मागच्या वर्षीचा जानेवारी होता.

मी अनुपम. महाराजपूरला राहतो, सरकारी कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. माझी नजर चुकत नाही, त्यावरच माझी भाकरी चालते. म्हणूनच या सगळ्याचा जास्त संताप येतो.

त्याआधीच्या दिवाळीत माझ्या मोठ्या भावाचा, श्रीपाददादाचा खून झाला.

आम्ही नर्मदेच्या तिलवारा घाटाहून परत येत होतो. दादा आणि विनतावहिनी स्कूटरवर, मी मागे माझ्या गाडीवर. एका मोटरसायकलवर तिघं जण होते. कट मारल्यावरून बोलाचाली झाली. एवढंच.

त्यातल्या एकाने चाकू काढला...

दादा रस्त्यातच खाली बसला. पुन्हा उठला नाही.

अजून उजेड होता. चाकूवाल्याचा चेहरा मी नीट पाहिला. वहिनीनेही पाहिला.

काही आठवड्यांनी पोलिसांनी तिघांना पकडलं. कोर्टात आणलं तेव्हा त्यांच्या तोंडावर काळी फडकी होती. मी इन्स्पेक्टरला म्हटलं, फडकं काढा, आत्ता ओळखतो.

"ऐसे नहीं होता भैया. जेल में शिनाख्त परेड होगी, दस-बारह आदमी खड़े होंगे. उनमें से पहचानना. चाकू मिला नहीं, दूसरा गवाह कोई है नहीं. अब सब आप दोनों पे है."

सगळं आमच्यावर होतं. आम्ही फक्त एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा होता.

ओळख परेडच्या दिवशी आधी वहिनीला आत नेलं. मी भिंतीच्या अलीकडे बसलो होतो. पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, कावळे ओरडत होते.

मग ते सगळं एकदम थांबलं...

आणि वहिनीचा आवाज आला. अगदी हळू.

"अहो..."

मला वाटलं, तिने परेड घेणाऱ्या नायब तहसीलदार साहेबांना हाक मारली असेल.

तिला दुसऱ्या दाराने बाहेर काढलं, आम्हाला बोलू दिलं नाही. मग मला बोलावलं.

आवारात माणसांची रांग होती. कपडे आणि अंगकाठी कळू नयेत म्हणून सगळ्यांना गळ्यापर्यंत जेलची ब्लँकेटं गुंडाळली होती. नुसते चेहरे दिसत होते. ऊन समोरून येत होतं, सगळे डोळे मिचकावत होते.

एक जण सोडून...

तो दादा होता.

दाढी वाढलेली. गेला त्या दिवशी सकाळीच त्याने गुळगुळीत दाढी केली होती. आता मात्र चांगली महिन्या-दोन महिन्यांची दाढी होती.

नजर पुढे सरकवली, तर त्याच्या शेजारीच तो उभा. चाकूवाला. तोच, शंभर टक्के तोच! मी त्याच्याकडे निघालो. हात वर केला.

तेवढ्यात दादा खाकरला...

मी बाहेरून उशिरा आलो की अंधारात खाकरायचा, तसाच.

माझा हात त्याच्या खांद्यावर गेला. मी ठेवला नाही, गेला. ब्लँकेट उन्हाने तापलेलं होतं. आतला खांदा...

बर्फ होता.

"पक्का?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "हा माझा..."

साहेब लिहायला लागले. मी परत पाहिलं, तर माझ्या हाताखाली एक अनोळखी माणूस थरथरत होता.

"भैया, हम तो साइकिल चोरी में आए हैं. हमने क्या किया?"

मी ओरडलो, साहेब, चूक झाली, तो बाजूचा! पण एकदा हात ठेवला की ठेवला.

गेटबाहेर इन्स्पेक्टर भडकलेला होता. "दोनों ने एक ही गलत आदमी पे हाथ रखा! पूरे केस की वाट लगा दी आप लोगों ने!"

दोघांनी. एकाच माणसावर.

परतताना गढ्याच्या बाजारात ऑटो अडकला, तेव्हा वहिनी बाहेर बघत बघत म्हणाली,

"भाऊजी, त्यांची दाढी किती वाढून राहिली न?"



तिघांना जामीन मिळाला. चाकूवाला मला अधारतालला पानाच्या टपरीवर हसताना दिसला. मी काही करू शकलो नाही. घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं.

सरकारी वकील अवंती मॅडमनी धीर दिला. परेड फसली तरी कोर्टातली साक्ष मोठी. जजसाहेबांसमोर बोट दाखवून सांगा, हाच तो.

मग तारखा सुरू झाल्या. कधी जज रजेवर, कधी वकिलांचा बंद, कधी एक आरोपी गैरहजर. आधी प्रत्येक तारखेला वहिनी रडत परत यायची.

मग तिचं रडणं थांबलं...

तारखेच्या दिवशी ती पहाटे उठायला लागली. दादाच्या आवडीची हिरवी माहेश्वरी साडी नेसायची, गजरा माळायची. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या.

एकदाची तिची साक्ष लागली. माझी व्हायची होती, म्हणून मला बाहेर बाकावर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. मॅडमचा आवाज आला.

"चाकू किसने मारा था? देखकर बताइए."

आतली टायपिंगची टकटक थांबली. कोणीच बोलेना...

कोणीतरी खाकरलं.

मी बाकावरून उठलो. तेवढ्यात वहिनीचा आवाज आला, "साहब, चक्कर आ रहा है. अगली तारीख दे दीजिए."

पुढच्या तारखेलाही तिला चक्कर आली. त्याच्या पुढच्या तारखेलाही. शेवटी जजसाहेब म्हणाले, आता आखिरी मौका. दोन्ही साक्षी झाल्या नाहीत तर पुरावा बंद. म्हणजे तिघं सुटलेच समजा.

बाहेर आल्यावर मी पाणी दिलं. तिला काही झालेलं नव्हतं. उलट चेहरा इतका टवटवीत, की मला भीती वाटली.

"वहिनी, हे काहून करून राहिल्या तुम्ही? दादाचे खुनी सुटतील!"

"ते तिथेच उभे असतात भाऊजी. त्या चाकूवाल्याच्या बाजूला, आरोपींच्या पिंजऱ्यात. माझ्याकडेच बघत राहतात."

"मग बोट दाखवा न! केस संपेल तरी."

"संपली तर मग ते मला कुठे दिसतील? घरी तर येऊनच नाही राहिले. मी रोज दार उघडं ठेवते." तिने माझा हात घट्ट धरला. "तुम्हीही आजारी पडा. सुटले तर सुटू द्या. मग हायकोर्टात जाऊ, तिथे अजून किती वर्षं चालेल."

हायकोर्टात आरोपींना असं समोर उभं करत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

दादा तिथे काहून उभा राहतो, मला कळत नाही. खुन्याला धरून ठेवायला की आम्हाला अडवायला? रात्र रात्र विचार करतो. डोकं फुटायची वेळ येते.

पुढच्या आठवड्यात तारीख आहे. बोट दाखवीन, असं मी अवंती मॅडमना कबूल केलंय.

आजारी पडेन, असं वहिनीलाही कबूल केलंय.