काका, सोडू?

मोबाइल उलटे ठेवा आणि जरा जवळ सरका. ही गोष्ट आमच्या साडूंची. माणूस खोटं बोलणारा नाही. निदान त्या रात्रीनंतर तरी नाही.

साडू दवाखान्यात एमआरआयचं मशीन चालवायचे. त्यातल्या मोठ्या चुंबकाच्या धाकाने लग्नातली अंगठीसुद्धा घरी काढून ठेवायचे, त्यावरून मेव्हणी अजून टोमणे मारते. तान्ही असताना ज्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, अशी मुलं तिथे यायची. शिवलेलं हृदय पुढे फुगत तर नाही ना, हे दर काही वर्षांनी बघावं लागतं. फोटो निघेपर्यंत श्वास धरायचा. साडू काचेअलीकडून माइकवर म्हणणार 'रोख', मशीन खडखडणार, मग 'सोड'.

एकदा दिवसातली शेवटची पेशंट होती, नऊ वर्षांची मुलगी. साडूंना घरची घाई. 'रोख' म्हणाले आणि घरच्याच फोनवर बोलत बसले. मशीन चालू करेपर्यंत पोरीचा दम संपलेला. असं दोनतीनदा झालं, फोटो सगळे हललेले. वर बापाला काय सांगितलं? 'मुलीला श्वास धरता येत नाही. शिकवून आणा.' चोर सोडून संन्याशाला फाशी. बाप तिथेच तिच्यावर ओरडला. ती खाली मान घालून उभी राहिली.

पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. पोर रोज अंथरुणात श्वास रोखायचा सराव करायची म्हणे. तारीख यायच्या आधीच शाळेत कोसळली. गेली. बाप कळवायला आला, तेव्हा उलट साडूंचीच माफी मागून गेला, तुमचा वेळ फुकट घालवला म्हणून. साडूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

मग गेल्या डिसेंबरातली एकोणतीस तारीख. रात्री पावणेदोनला वॉचमनचा फोन आला, मशीन थंड ठेवणारा पंप बंद पडलाय. साडू गेले, पंप चालू केला, खुर्चीत जरा टेकले. काचेपलीकडे अंधार होता.

स्पीकर खरखरला.

'काका... रोखला.'

मशीन खडखडायला लागलं. कुणी हात लावला नव्हता. आतलं टेबल रिकामं.

खडखड थांबली.

'काका... सोडू?'

साडूंचं बोट माइकच्या बटणावर.

'सोडू...?'

आता अगदी बारीक.

...

'सोड, बाळा,' साडू म्हणाले. 'तुला येत होतं. चूक माझी होती.'

स्पीकरमधून एक लांब श्वास सुटला. मग काही नाही.

सकाळी साडू बापाच्या दारात गेले. सगळं सांगितलं. बापाने दार लावून घेतलं, आणि बरोबरच केलं. त्यानंतर ते मशीनला शिवले नाहीत.

त्या रात्रीचे फोटो मशीनमध्ये निघाले. नावाची जागा कोरी. हृदयाची उजवी बाजू फुगलेली, कुणालाही दिसेल इतकी. साडूंनी त्याच रात्री छापून घेतलेले, मी स्वतः पाहिलेत.

एकही हललेला नाही.