तळपायाची वाळू

प्रयोगशाळेत तिला सगळे वाळूताई म्हणत. किनाऱ्यावरच्या सात जागांची चिमूट चिमूट वाळू भिंगाखाली धरायची आणि कणांच्या फटींत राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव मोजायचे, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. लाटा आदळतात तिथली वाळू भरड. तिथे तग धरणाऱ्या जाती मोजक्याच. खाडीच्या तोंडाशी पाणी संथ, गोडं-खारं मिसळलेलं. तिथे नुसती झुंबड. बाटलीवरची चिठ्ठी न वाचता ती जागा सांगायची, आणि कधी चुकली नव्हती.

घरी आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. एका सकाळी चादर बदलताना आईच्या तळपायांना ओली वाळू लागलेली दिसली.

तुझ्याच चपलांची असेल, असं धाकटा भाऊ म्हणाला. तो दिवसभर आईच्या उशाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचा.

वाळूताईने ती वाळू कागदात बांधून नेली. भरड कण, जाती चारच. म्हणजे लाटांच्या बाजूची. तिकडे तर ती स्वतः महिनाभर फिरकली नव्हती. दुसऱ्या दिवशी खाडीची झुंबड, सगळी जिवंत, वळवळणारी. तिसऱ्या दिवशी तिला भिंगावरून डोळा काढवेना. दोन्हीकडच्या जीवांची असली सरमिसळ एकाच जागी सापडायची, जुन्या धक्क्यामागच्या उथळ पाण्यात. ती जागा भराव घालून बुजवली त्याला बारा वर्षं झाली होती.

तिने आईला विचारलं. आई पेंगुळल्या आवाजात म्हणाली की पाणी छान कोमट होतं, आणि चालताना गुडघा मुळीच दुखला नाही. तिच्या तळव्यांना रोज चालणाऱ्या माणसासारखे घट्टे पडले होते.

त्या संध्याकाळी वाळूताईने आईच्या पायांवरची चादर गादीखाली घट्ट खोचली. सकाळी पाय कोरडे होते. पण आईने दिवसभर घास घेतला नाही. छताकडे बघत पडून राहिली. भावाला कारण कळेना. वाळूताईला कळत होतं. दिवस मावळायच्या आत तिनेच चादर सैल केली.

दुसऱ्या दिवशी पायांना वाळू नव्हतीच, राखेसारखा मऊ गाळ होता. भिंगाखाली किनाऱ्यावरचा एकही जीव नव्हता. होते ते दूरच्या, खोल, उजेड न पोचणाऱ्या पाण्यातले; तिने फक्त पुस्तकातल्या चित्रांत पाहिलेले. हातातलं काम तसंच टाकून ती घरी आली.

भाऊ औषधं आणायला गेला होता. दुपारचं ऊन गादीवर पडलं होतं. आईचे केस ओले, चेहरा तुकतुकीत.

"आत्ता तर पाय टेकलेच नाहीत गं," आई म्हणाली. "पण भीती नाही वाटली. धरलं होतं ना."

"कोणी धरलं होतं?"

आईने नवलाने तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"म्हणजे? तुमची ओळख नाही झाली अजून?"

वाळूताईने मान वळवली नाही. मागे फरशीवर पाणी ठिबकत होतं, सावकाश.

आई स्वतःहून कुशीवर वळली, भिंतीकडे सरकली आणि गादीवर जागा करून दिली. आणखी दोघांना पुरेल एवढी.