गुणवंतरावांच्या फियाटचा हॅन्ड गियर

मूल गावच्या जुन्या राइस मिलमध्ये नाटकाची तालीम रंगली होती. धान कापून झालं की झाडीपट्टीत नाटकांना नुसता ऊत येतो! दिव्यानी तिथं शिरली ती फक्त सरिताला, आपल्या मैत्रिणीला, डबा द्यायला. सरिता नायिका. आणि नायक स्टुलावर बसून, हातात खरंखुरं स्टेअरिंग धरून, तोंडानं 'घुर्र' करत गाडी पळवत होता. स्टेअरिंगखालच्या नळीला एक चंदेरी दांडा होता. त्यानं तो ऐटीत ओढला आणि...

"थांबा! तो गियर आमचा हाये!" दिव्यानी ओरडली.

नायकानं मान वळवली. "वळणावर ब्रेक नाई लागत, मॅडम. जरा दमानं."

सगळी तालीम खो खो हसली. दिव्यानी लाजेनं लालेलाल झाली. पण उन्हात तरंगणाऱ्या कोंड्याच्या धुळीतून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि तिलाही नजर काढवेना.

त्याचं नाव पियुष. बसस्टँडमागं त्याचं गॅरेज, आणि नाटकाच्या दिवसांत तो नट. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. बाबांच्या, म्हणजे गुणवंतरावांच्या फियाटला आधी स्टेअरिंगवरच गियर होता — हॅन्ड गियर. समोरची सीट बाकासारखी अखंड. आई मधोमध, बाबांना खेटून बसायची. मग कुणाचं तरी बघून बाबांनी गियर खाली बसवला, सीट कापून दोन केल्या आणि जुनं सामान नाटकवाल्यांना देऊन टाकलं.

"आई हसत म्हणायची, तुमच्या या गियरनं मले वनवास दिला," दिव्यानी म्हणाली. "ती गेली अन् बाबांनी किल्ली खुंटीले टांगली. आता दाराबाहेरही पडत नाईत. गाडी होती तशी झाली, तर... एकदा तरी बसतील."

पियुषनं स्टेअरिंगवरून हात फिरवला. "सीझन तोंडावर हाये. मंग मी नाटकात गाडी काह्यानं चालवू?"

"सुपानं चालवा!" ती फणकारली.

"बरं," तो म्हणाला. "सुपानं चालवतो."

आणि नाटकात खरंच चालवली की हो त्यानं! लोक पोट धरधरून हसले.

गॅरेजात दोघं दांड्यावरचा, नाटकवाल्यांनी फासलेला चंदेरी रंग खरवडायला बसायचे. एका संध्याकाळी रंगाखालून सायीच्या रंगाची मूठ निघाली, आईच्या बांगडीनं उठलेल्या ओरखड्यासकट. दिव्यानीचे डोळे भरले. हातातला पॉलिश पेपर पियुषनं हळूच बाजूला ठेवला. तो ओरखडा त्यानं तसाच राखला. त्याच दिवशी ती त्याच्या प्रेमात पडली, उगाच आडपडदा कशाला?

दांडा घट्ट बसावा म्हणून त्यानं लेथवर नवे बुश, म्हणजे धातूच्या कड्या, कातून घेतले, नळी सरळ केली, जुन्या बाकासारखी सीट शिवून घेतली. मग मात्र काम काही संपेचना.

"एक बुश अजून ढिला हाये," तो मान खाली घालून म्हणायचा.

"काल तर घट्ट होता."

"हो का...? थंडीनं झाला असंन."

ती ओठ दाबून हसायची. काम संपू नये असं तिलाही वाटत होतंच ना.

"नाटकात मी सरिताबाईले मनातली गोष्ट रोज मनतो," एकदा तो पुटपुटला. "इथी मात्र तोंडातून निघूनच नाई राह्यलं."

"आधी बाबांना गाडीत बसू द्या," ती म्हणाली. "ते नाई बसले, तर मले काहीच ऐकाचं नाई. घरात त्यांना असं टाकून मी कुठी जाऊ?"

दोरानं ओढत गॅरेजात नेलेली गाडी तशीच ओढत अंगणात आली तेव्हा गुणवंतराव कितीतरी वेळ ओसरीवरच उभे होते. दिव्यानीचा जीव मुठीत. मग ते उतरले, दार उघडलं, गियरच्या त्या मुठीवर हात ठेवला. बोट ओरखड्यावर थांबलं... आणि म्हातारा ढसाढसा रडला. रडता रडताच आत बसला.

"किल्ली आण वो, बाई."

दिव्यानी मधे बसली, आईच्या जागेवर. पियुष बाहेरच घुटमळत होता.

"तू काऊन उभा रे? बस ना दाराशी."

गाडी धानाच्या बांध्यांमधून निघाली. ताज्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास काचेतून आत येत होता.

"सरक वो तिकडं," गुणवंतराव लेकीला म्हणाले. "मले गियर टाकाले जागा पायजे."

"पण काकाजी," पियुष इमानदारीनं बोलून गेला, "हॅन्ड गियरले जागा लागतच नाई—"

"मले शिकवतं का रे? एवढा नट, अन् एवढं समजत नाई?"

दिव्यानी सरकली. खांद्याला खांदा लागला.

"बसले बाबा," ती हळूच म्हणाली. "आता म्हणा."

सरिताला रोज धडाधड म्हणायचा तेच तो तिच्या कानाशी म्हणाला, तीनदा अडखळून. समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी गुणवंतरावांनी जोरात हॉर्न वाजवला.